ह्या जाळ्याचा धनी कोण?

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक ह्या अमेरिकन कंपनीशी एक इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव अशा जिल्ह्यांतील सरकारी कचेऱ्यांना, दुर्गम वस्त्यांना आणि सार्वजनिक सेवांना उपग्रहांच्या द्वारे थेट आकाशातून इंटरनेट पुरवावयाचे, असा त्या पत्राचा मथितार्थ आहे. असे पाऊल टाकणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, ह्या गोष्टीचा डांगोरा यथास्थित पिटण्यात आला. त्या आनंदावर विरजण घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. सातपुड्याच्या कड्यांवर आणि भामरागडच्या जंगलात जे तारेने साधले नाही ते ताऱ्यांनी साधणार असेल, तर त्याचे स्वागत करावयास आम्ही सर्वांच्या पुढे असू. परंतु घरात दिवा आला म्हणून हरखून जाणाऱ्या माणसाने त्या दिव्याचे बटण कोणाच्या घरात बसविलेले आहे, एवढी तरी चौकशी करावयास नको काय? ती चौकशी आम्ही येथे करीत आहोत.

शहरात बसून ज्यांना इंटरनेट म्हणजे फावल्या वेळची करमणूक वाटते, त्यांना ह्या प्रश्नाची धार कळणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा एटापल्ली-भामरागडच्या रानात इंटरनेट म्हणजे धान्य आहे, मजुरी आहे, निराधार म्हातारीचे अनुदान आहे. रेशन दुकानातील यंत्राला रेंज मिळाली नाही तर अंगठा उमटत नाही आणि अंगठा उमटला नाही तर धान्य हलत नाही. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून साऱ्या देशाला धडा घालून दिला, त्या महाराष्ट्रातही २०२३ च्या १ जानेवारीपासून ह्या कामांवरची हजेरी मोबाइलवरील ॲपने, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदविण्याची सक्ती झाली. म्हणजे घाम जमिनीवर गाळावयाचा आणि त्याचा पुरावा मात्र हवेतून पाठवावयाचा! २०२५ साली लाडक्या बहिणींनाही आपण त्याच लाडक्या बहिणी आहोत हे केवायसी करून सिद्ध करावे लागले. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे आमच्या काळातील अत्यंत क्रूर वाक्य आहे. कारण ते उच्चारणाऱ्याला आपण काही क्रूर बोललो असे वाटतच नाही.

ज्या सरकारने नागरिकाला ह्या जाळ्यात येण्यास भाग पाडले, त्या सरकारने ते जाळे त्याच्या दारापर्यंत नेऊन पोचविणे ही मेहेरबानी नव्हे. ते ऋण आहे. न्यायालयांनीही हे ओळखले आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली एका वसतिगृहातील विद्यार्थिनीच्या प्रकरणात इंटरनेटचा वापर हा तिच्या शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यापुढे जाऊन, डिजिटल सेवा गाठता येणे हे घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या हक्काचे अंग आहे, असे म्हटले. हक्क ठरला. आता तो कोणत्या वाटेने पोचणार आणि ती वाट कोण अडवू शकणार, एवढाच प्रश्न उरतो. आणि हा ‘एवढाच’ प्रश्न आमच्या मते सर्वांत मोठा आहे.

वाटेची कथा आधी पाहू. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०११ साली घेतला. काम दोन वर्षांत उरकावयाचे होते. पुढे सरकार बदलले, योजनेचे नाव बदलून भारतनेट झाले, मुदती मात्र एकामागून एक टळत गेल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करण्याची पाळी आली, ह्यातच सारे आले. दोन लाखांहून अधिक पंचायती ‘सेवेस सिद्ध’ झाल्याचे सरकारी कागद सांगतात. सेवेस सिद्ध असणे आणि सेवा मिळणे ह्या दोहोंत केवढे अंतर असते, हे ज्याने पंचायतीच्या कपाटात धूळ खात पडलेली यंत्रपेटी पाहिली आहे त्याला आम्ही सांगावयास नको. रस्ता रुंद करताना तुटलेली वायर जोडावयास कोणी येत नाही, वीज गेली की पेटी झोपते, आणि गावकऱ्यांच्या लेखी ती एक सरकारी शोभेची वस्तू होऊन बसते.

तेव्हा आकाशातून येणारे हे जाळे पुष्कळ अंशी जमिनीवर अर्धवट राहिलेल्या चरांची भरपाई आहे. ती भरपाई आहे हे मान्य करावे; तिला क्रांती म्हणू नये. उपग्रहाची क्षमता त्याच्या कक्षेत येणाऱ्या सर्व ग्राहकांत वाटली जाते. दाट झाडी त्याला अडविते, आणि त्याची घरातली तबकडी फुकट मिळत नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून जेवढे वाहते, तेवढे आकाशातून आणणे आजही कोणाला साधलेले नाही. म्हणूनच एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी जवळजवळ सर्व माहिती अजूनही समुद्राच्या तळावरून धावते आणि त्यातल्या कित्येक केबली आमच्या मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा आणि २०२५ च्या सप्टेंबरात लाल समुद्रात तुटल्या तेव्हाही भारतातील इंटरनेट लंगडे झाले. समुद्रातली वाट एकाच चिंचोळ्या गल्लीतून जाते म्हणून दुसरी वाट हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण दुसरी वाट हवी ती पहिली सोडून देण्यासाठी नव्हे. गडचिरोलीत उपग्रह आला म्हणून तेथील फायबरचे काम गुंडाळण्याचा मोह कोणाला होत असेल, तर त्याला आम्ही आत्ताच बजावून ठेवतो.

आता धन्याचा प्रश्न. तारेचा धनी कोण, हा वाद इंटरनेटहून फार जुना आहे. १८६५ साली पॅरिसमध्ये युरोपातील राष्ट्रांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला, तो एका देशाची तार दुसऱ्या देशाच्या सरहद्दीवर उतरवून पुन्हा लिहून घ्यावी लागू नये म्हणून. १८६९ पासून हिंदुस्थान त्या संघाचा सभासद आहे. आज जिनिव्हात बसून आकाशातील लहरी आणि उपग्रहांच्या जागा ह्यांची नोंद ठेवणारी संस्था ती हीच. इंटरनेट मात्र ह्या सरकारी दरबारात जन्मले नाही. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशांवर विद्यापीठांत वाढले. त्याची नावे व पत्ते जॉन पोस्टेल नावाचा एक संशोधक कित्येक वर्षे जवळजवळ एकहाती सांभाळीत होता. गावच्या कुलकर्ण्याने चावडीवर बसून वहीत नोंदी कराव्यात, तसा हा कारभार होता. फरक इतकाच की ह्या कुलकर्ण्यावर साऱ्यांचा विश्वास होता. १९९८ साली ती वही ‘आयकॅन’ ह्या कॅलिफोर्नियातील संस्थेकडे गेली आणि २०१६ च्या १ ऑक्टोबरला अमेरिकेच्या व्यापार खात्याने त्या वहीवरची आपली शेवटची देखरेखही सोडली.

ह्या काळात भारताची भूमिका काय होती? २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघात आपण अशी सूचना मांडली की इंटरनेटविषयक धोरणे ठरविण्यासाठी राष्ट्रांची एक समिती नेमावी. २०१५ साली ब्युनॉस आयर्स येथे आपल्याच मंत्र्यांनी जाहीर केले की सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक ह्या सर्वांनी मिळून कारभार करावा. चार वर्षांत एका टोकावरून दुसऱ्या टोकावर! भूमिका बदलणे हा गुन्हा नव्हे. पण पहिल्या भूमिकेत सरकारांना जास्त अधिकार होते आणि दुसरीत सर्वांना थोडे थोडे, तर मग नागरिकाला नेमका किती, हे दोन्ही वेळा सांगावयाचे राहून गेले. ‘सर्वांनी मिळून’ हे शब्द कानाला गोड लागतात. प्रत्यक्षात अशा बैठकांना ज्याच्यापाशी विमानाचे तिकीट असते तोच जातो. पंच बारा गावचे आणि निवाडा कोणाचाच नाही, अशी त्या परिषदांची स्थिती अनेकदा होते आणि निवाडा नसला की ज्याच्या हाती यंत्र त्याचा शब्द चालतो.

ज्याच्या हाती यंत्र त्याचा शब्द कसा चालतो, ह्याचे प्रत्यंतर युक्रेनच्या युद्धाने दिले. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन सैन्य घुसले त्याच दिवशी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर सायबर हल्ला होऊन हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतल्या पवनचक्क्यांचासुद्धा संपर्क तुटला. अशा वेळी स्टारलिंकच्या तबकड्या युक्रेनला वरदान ठरल्या, हे निर्विवाद आहे. परंतु त्याच वर्षी क्रायमियातील सेव्हास्टोपोलपर्यंत सेवा सुरू करण्याची विनंती आली, तेव्हा ती आपण नाकारली, असे कंपनीचे मालक इलॉन मस्क ह्यांनी पुढच्या वर्षी स्वतःच सांगितले. त्यांनी नकार दिला तो बरा की वाईट, ह्या चर्चेत आम्हांस शिरावयाचे नाही. आम्हांस दिसते ते असे की एका सार्वभौम राष्ट्राच्या युद्धातील एक निर्णय एका खाजगी गृहस्थाने घेतला, आणि त्यावर अपील करावयास जगात एकही कचेरी नव्हती. उद्या भामरागडच्या आरोग्यकेंद्राची तबकडी बंद पडली, तर तेथल्या डॉक्टराने कोणाच्या दारी जावे?

आमचे काही वाचक म्हणतील, हे भय व्यर्थ आहे; भारत सरकारने पुरेपूर खबरदारी घेतली आहे. घेतली आहे, हे खरे. २०२१ साली ह्याच कंपनीने परवाना हाती नसताना ग्राहकांकडून आगाऊ नोंदणीचे पैसे घेण्यास आरंभ केला, तेव्हा सरकारने तिला थांबवून ते पैसे परत करावयास लावले. २०२५ च्या जूनमध्ये परवाना दिला तो भरपूर अटी घालून. येथील ग्राहकांची माहिती येथल्याच भूकेंद्रांतून गेली पाहिजे, सरहद्दीलगत विशेष देखरेख राहिली पाहिजे, आणि सरकार सांगेल तेव्हा सांगेल त्या भागातील सेवा बंद करण्याची सोय असली पाहिजे. (जाता जाता एक गंमत नोंदवून ठेवतो. उपग्रहसेवेच्या लहरी लिलावानेच विकाव्यात असा आग्रह धरणाऱ्या देशातील दोन बड्या दूरसंचार कंपन्यांनी २०२५ च्या मार्चमध्ये, एका दिवसाच्या अंतराने, ह्याच स्टारलिंकशी हातमिळवणी केली. तत्त्वांच्या लढाया अशाही संपतात.)

ही शेवटची अट पाहून मात्र आमच्या मनात दुसरीच शंका उभी राहते. परदेशी मालकाच्या हाती एक किल्ली आहे म्हणून आपण घाबरलो आणि दुसरी किल्ली करून घेतली. ती दिल्लीच्या हाती. कुलूप मात्र तेच, आणि ते नागरिकाच्या दारावर! दिल्लीने आणि राज्यांनी आपल्या हातची किल्ली आजवर कशी वापरली, ह्याचा इतिहास धीर देणारा नाही. काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट बंद झाले. मंदगतीची सेवा २०२० च्या जानेवारीत परत येऊ लागली आणि वेगवान सेवा सर्वत्र पूर्ववत व्हावयास २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. दीड वर्ष! ह्या दीड वर्षात महामारी आली, शाळा घरी आल्या, डॉक्टर फोनवर आले. काश्मिरी मुलगा मात्र धड्याचे पान उमटण्याची वाट पाहत बसला. मणिपुरात २०२३ च्या मे महिन्यापासून जाळे तोडले, ते दोनशेहून अधिक दिवस बहुतेक लोकांसाठी तुटलेलेच राहिले. राजस्थानात तर २०२१ साली शिक्षकभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कित्येक जिल्ह्यांतील इंटरनेट बंद करण्यात आले. चोर पकडण्यासाठी साऱ्या गावाच्या वाटा बुजविण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

हे सारे कोणत्या अधिकारान्वये? प्रथम ब्रिटिशांच्या १८८५ च्या तार कायद्यान्वये. परक्या राज्यकर्त्याने प्रजेच्या तारा अडविण्यासाठी जे कलम लिहिले, त्याच्याच खाली २०१७ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने इंटरनेट बंद करण्याचे नियम लिहिले. २०२० च्या १० जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन ह्यांच्या याचिकेवर निर्णय देताना स्पष्ट म्हटले की बेमुदत बंदी चालणार नाही, बंदीचा हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे, आणि ती गरजेपुरतीच असली पाहिजे. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला आणि १८८५ चा कायदा इतिहासजमा होऊ लागला. परंतु जुन्या घराची कौले काढून नवी घातली तरी तुळई तीच राहावी तसे झाले. २०२४ च्या नियमांतही बंदी योग्य की अयोग्य हे तपासणारी समिती सचिवांचीच आहे. ज्या कचेरीने हुकूम काढला त्याच कचेरीच्या शेजारच्या खोलीत त्याचा न्याय! ह्या समितीत निवृत्त न्यायाधीश आणि सरकारबाहेरच्या व्यक्ती असाव्यात, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२१ च्या डिसेंबरातच केली होती. ती शिफारस कोणत्या कपाटात आहे, हे संबंधितांनी एकदा शोधून पाहावे.

येथवर आम्ही पृथ्वीवरच्या कुलुपांविषयी बोललो. परंतु ह्या जाळ्याचे टोक आता पृथ्वीवर राहिलेले नाही, आणि तेथे तर कुलपाबरोबर घरही कोणाचे, हा प्रश्न आहे. १९६७ च्या अंतराळ कराराने सांगितले की अंतराळ कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचे होऊ शकत नाही, आणि एखाद्या देशातील खाजगी कंपनी तेथे जे करील त्याची जबाबदारी त्या देशावर राहील. तत्त्व उदात्त आहे. पण आकाशातील कक्षा आणि लहरी वाटण्याची रीत आहे ती ‘जो आधी अर्ज करील त्याची’. विषुववृत्तावरील आठ राष्ट्रांनी १९७६ साली बोगोटा येथे जमून, आपल्या डोक्यावरची भूस्थिर कक्षा आपली, असा दावा केला. जगाने तो हसण्यावारी नेला. दावा कायद्याला धरून नव्हताच. त्यामागची भीती मात्र खरी होती. आज एकट्या स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. चिमुकल्या रुआंडाने २०२१ साली सव्वातीन लाखांहून अधिक उपग्रहांसाठी अर्ज टाकून ठेवला, त्याचा अर्थ आम्ही असा लावतो की बाजारात रुमाल टाकून जागा अडविण्याची कला आता आंतरराष्ट्रीय झाली आहे.

ह्या गर्दीची झळ आपल्याला अगदी घराशेजारी लागू शकते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आर्वी येथे १९७१ साली देशाचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले गेले. त्याच टापूत पुढे खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली. तेथील आकाश रेडिओच्या दृष्टीने शांत आहे म्हणून. एकीकडे आकाशाशी बोलणारे केंद्र, दुसरीकडे आकाशाचे ऐकणारे. युरोपातील शास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले की स्टारलिंकच्या उपग्रहांतील यंत्रसामग्रीतून, ११० ते १८८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, कोणी न ठरविलेल्या लहरी पाझरतात. खोडदची दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्यांत हा पट्टाही येतो. दुरून येणारे क्षीण स्वर ऐकण्यासाठी कान लावून बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वरात जावी आणि वरातीला परवानगी कोणी दिली हे विचारण्याची सोय नसावी, तसे हे आहे. गावाला इंटरनेट हवे की दुर्बिणीला शांतता, असा झगडा लावण्याचे कारण नाही. दोन्ही साधणारे नियम करता येतात. परंतु ते जिनिव्हातच करावे लागतात, आणि तेथे आपल्या प्रतिनिधींनी आवाज उठवावा लागतो.

पृथ्वीच्या पलीकडे पाहिले तर हा प्रश्न आणखी उघडा पडतो. चंद्रापर्यंत संदेश जावयास सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत, ग्रहांच्या स्थितीनुसार, तीन ते बावीस मिनिटे. इंटरनेटची नेहमीची रीत अशी की दोन्ही टोकांनी सारखी एकमेकांना ‘पोचले का?’ असे विचारावे. बावीस मिनिटांच्या अंतरावर ही रीत लुळी पडते. म्हणून इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून दुसरीच रीत घडविली. वाट तुटली तर संदेश टाकून द्यावयाचा नाही. मधल्या टप्प्याने तो जपून ठेवावयाचा आणि पुढची वाट खुली झाली की पुढे द्यावयाचा. आमच्या डाकेच्या हरकाऱ्याची हीच रीत होती. नदीला पूर आला तर तो थैली फेकून परत जात नसे, उतार पडेपर्यंत काठावर बसे. २०२४ साली सोडलेल्या ‘पेस’ ह्या नासाच्या उपग्रहाने ही पद्धत रोजच्या कामात आणली. आपल्या चांद्रयान-३ नेही २०२३ साली २०१९ च्या चांद्रयान-२ चा चंद्राभोवती फिरणारा उपग्रह मध्यस्थ म्हणून हाताशी ठेवला होता.

आणि गंमत अशी की हीच रीत ह्या शतकाच्या प्रारंभी आपल्या शेजारच्या कर्नाटकात दोड्डबळ्ळापूरच्या परिसरात वापरून झाली आहे. तेथे एसटीसारख्या साध्या बसवर वायफायची पेटी बसविली. बस गावात आली की गावचे अर्ज आणि संदेश पेटीत उतरत, शहरात गेली की तेथून जाळ्यात जात. त्या प्रयोगाचे नावच मुळी ‘डाकनेट’ होते. आमचे म्हणणे इतकेच की मंगळासाठी जो धीर यंत्रात घातला जातो, तो रेशनच्या यंत्रात का घालता येऊ नये? रेंज नसेल तर नोंद यंत्रातच ठेवा, धान्य द्या, आणि रेंज आली की नोंद पुढे पाठवा. ह्याला उपग्रह लागत नाही. माणसावर थोडा विश्वास ठेवावा लागतो. २०२३ च्या डिसेंबरात तीन कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावरील यानातून लेसर किरणांनी एका मांजराची चित्रफीत पृथ्वीवर पाठविण्यात आली; ती १०१ सेकंदांत पोचली. शास्त्रज्ञांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. मात्र धडगावच्या मजुराची हजेरी चाळीस पावलांवरच्या टेकडीवर चढल्याखेरीज पोचत नसेल, तर उणीव विज्ञानात नाही.

अंतराळातील ह्या नव्या वाटांवर कायदा कोणाचा, ह्याविषयी कंपन्यांनी आपले मत लपविलेले नाही. २०२० साली स्टारलिंकच्या सुरुवातीच्या ग्राहककरारात एक कलम होते. त्यात ग्राहकाने मान्य करावयाचे होते की मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून तेथील व्यवहारांवर पृथ्वीवरील कोणत्याही सरकारचा अधिकार नाही! अनेकांनी हे थट्टेवारी नेले. आम्हांस त्यात थट्टेइतकाच इरादाही दिसतो. १९६७ चा करार सांगतो की कंपनीची जबाबदारी तिच्या राष्ट्रावर आहे, आणि कंपनी आपल्या ग्राहकाकडून सही घेते की राष्ट्राचा अधिकार तेथे चालत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने सनदा आणि फर्मानांचे कागद गोळा करीत करीत काय केले, हे ज्या देशाने अनुभवले, त्याने तरी करारातले बारीक अक्षर वाचावयास शिकावे.

म्हणून महाराष्ट्र सरकारकडे आमची मागणी आहे. हे इरादापत्र जेव्हा पक्क्या कराराचे रूप घेईल, तेव्हा तो करार सहीपूर्वी विधिमंडळापुढे ठेवावा. सेवा किती दिवस, कोणत्या दराने, आणि कंपनीने ती एकतर्फी बंद केली तर दंड काय, हे त्यात आकड्यांनिशी असावे. आरोग्यकेंद्र, शाळा आणि रेशन दुकान ह्यांच्या जोडण्या बंदीच्या कोणत्याही हुकमातून वगळल्या जाव्यात. दंगल आवरण्यासाठी बाळंतिणीची रुग्णवाहिका थांबविण्याची गरज नसते. बंदीचा प्रत्येक हुकूम त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध व्हावा, आणि तो तपासणाऱ्या समितीवर निदान एक निवृत्त न्यायाधीश नेमावा, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. फायबरचे राहिलेले काम ह्या चार जिल्ह्यांत कोणत्या तारखेला पुरे होणार, तेही त्याच दिवशी जाहीर व्हावे. ह्यांपैकी एकाही गोष्टीला नवा उपग्रह सोडावा लागत नाही. करार झाल्यावर त्याची एक मराठी प्रत धडगावच्या आणि भामरागडच्या तहसील कचेरीच्या फलकावर लावावी. आमचे वार्ताहर तेथे जाऊन ती वाचतील आणि वाचकांना कळवतील.